शोभाची लाल चिठ्ठी

शोभाच्या नावाची लाल चिठ्ठी फळ्यावर दिसली आणि मी हसले. रेणापूरची नवी बाई पोळी लाटायची थांबली. म्हणाली, "मावशी, बघून येऊ का?" मी म्हणाले, "लाट तू. नव्या बायका आल्या की ती असंच करती." थोड्या वेळानं पीठ आणायला कोठीत गेले, तर शोभा, माझी भाची, गव्हाच्या पोत्याला टेकून बसलेली... हात गार. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. त्याला आता सव्वा महिना झाला.

लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत माझी खाणावळ आहे. भोकर, इस्लापूरकडून शिकायला आलेली पोरं आमचे डबे खातात. मी चौथी शिकलेली. शोभा पुण्याच्या कारखान्यात नव्या माणसांना कामाची रीत शिकवायची, ती नोकरी सोडून माझ्याकडे आली आणि आल्या आल्या भिंतीवर फळा टांगला. करायचं, चालू, झालं, असे तीन रकाने. एका बाईकडं एका वेळी एकच काम. नवी भाजी आधी वीस डब्यांत द्यायची, पोरांना विचारायचं, मगच पातेलं भरायचं. त्याआधी मी दोन पातेली दुधी करायचे आणि तो तसाच परत यायचा. सकाळी सगळ्यांनी उभ्यानं बोलायचं, काल कुठं अडलं, आज काय करायचं. मी टोमणा मारला, उभ्यानं बोलून भात शिजतो का गं? ती म्हणाली, "बसलं की तुमचा तास जातोय, आत्या."

लाल चिठ्ठी म्हणजे मी अडले. नव्या बाईला मीठ जास्त पडलं, हात भाजला, हे तोंडानं सांगायची लाज वाटते. म्हणून नुसती चिठ्ठी लावायची आणि जवळच्या बाईनं हातातलं टाकून जायचं. सराव म्हणून शोभा दर नव्या तुकडीत एकदोनदा खोटीच चिठ्ठी लावून कोठीत जाऊन बसायची, कोण येतं ते बघायला. असं करू नको, सवय मोडती, असं मी सांगितलं होतं. तिनं ऐकलं नाही. चूक तिचीही होती. मेली म्हणून मी ते लपवणार नाही. लोक विचारतात, तिनं हाक का नाही मारली. बोलता येत नसेल तेव्हासाठीच तर ती चिठ्ठी होती.

भूकंपात आमचं घर बसलं तेव्हा ती सात वर्षांची होती. मला आधी बाहेर काढलं. लोक म्हणाले, आत कोणी न्हाई आता, चला. मग मला बारीक ठणठण ऐकू आली. दगडामातीखाली पोरगी पितळी परातीवर दगड मारत होती. मी तिथून हलले नाही, उकरायला लावलं. पुढं ती प्रत्येक नव्या बाईला हेच सांगायची, "मी परात वाजवली, आत्या आली. चिठ्ठी म्हणजे ती परात हाय."

खोट्या चिठ्ठ्या आता बंद केल्या. बायका सकाळी फळ्यापुढं उभ्या राहतात, मीही राहते. तिची चिठ्ठी मी काढलेली नाही. नवी बाई आली की विचारते, ही कोणाची, कोणी जायचं? मी सांगते, मी जायचं होतं.

भूकंपात त्या घरातून आम्ही दोघीच जिवंत निघालो. आता मी एकटी आहे.