पऱ्ह्यांचे शेंडे

धानाच्या करप्याचे नमुने गोळा करायला मी मूल या गावाकडे गेले होते. तलावाखालच्या एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी चालली होती. तिथं ती मला भेटली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

रोवणीला उशीर झाल्यानं पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, गुडघ्याएवढे वाढले होते. ती जुडी हातात घ्यायची, शेंडे मुठीत पिळून तोडायची, चिखलात टाकायची आणि मग रोपं रोवायची. माझ्याशी बोलतानाही तिचा हात थांबत नव्हता.

"कोनता रोग शोधून राह्यल्या, बाई?"

मी बांधावरून सांगितलं. करप्याचा जंतू नुसत्या पाण्यात असतो तेव्हा गप्प असतो. पानात शिरल्यावर तिथला रस ओळखतो. मग त्याच्यातलं एक प्रथिन जागं होतं, बाकीच्यांना कामाला लावतं आणि एक सुई तयार होते. त्या सुईनं तो पानाचा बंदोबस्त मोडून काढतो.

तिनं कंबर सरळ केली. "आत गेल्याबिगर सुई नाई काढत?"

"नाही."

"मंग आत जाते कुठून?"

"पानाच्या कडेनं. नाहीतर जखमेतून."

ती मुठीतल्या शेंड्यांकडे पाहत राहिली. "म्हंजे दार तं मीच उघडून देऊन राह्यली."

पुढची जुडी तिनं न तोडता रोवली. वाकली की लांब पाती डोळ्यांना टोचायची, ती कोपरानं बाजूला सारायची.

सहा वर्षं मी त्या एका प्रथिनामागे आहे. दार कोण उघडतं, हे मी कधी बघायलाच गेले नव्हते. मी चपला बांधावर काढल्या आणि चिखलात उतरले.