आदर्श वाचनालयाची पोती

शूबाईला राग यायला कारण लागत नसे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाचनालयात कुणी खुर्ची ओढली तरी राग, पानाचा कोपरा दुमडला तरी राग, आणि थुंकी लावून पान उलटलं तर मग त्या माणसाची धडगत नव्हती. "शूऽऽ!" असं ती ज्या आवाजात करायची, तो रस्त्यापलीकडे सायकलवाल्याच्या दुकानात ऐकू जायचा. म्हणून पोरांनी नाव ठेवलं शूबाई. खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं, आणि पगार काही वेळेवर यायचा नाही, त्यामुळे ते नाव सगळे विसरून गेले.

ग्रंथपाल म्हणून तिचं सगळं आयुष्य त्या एका लांबट खोलीत गेलं. काम चोख, जीभ तिखट आणि अब्रूची काळजी नको तितकी. तिच्या आईची सवय अशी, की पाहुणे आले की चादरीची फाटकी बाजू भिंतीकडे सरकवायची. लेक तेच शिकली. वाचनालयाचं छत गळायचं, नेमकं मुलांच्या पुस्तकांवर. पाऊस लागला की खाली बादल्या मांडायच्या, आणि बाहेरचं कुणी येतंय असं कळलं की त्याच बादल्या कपाटामागे दडवायच्या. आपलं रडगाणं परक्यापुढे गायचं नाही, असा तिचा बाणा. छत दुरुस्त करून द्या म्हणून सरकारकडे अर्ज मात्र दर वर्षी जायचा आणि दर वर्षी तिकडून उत्तर यायचं, 'विचाराधीन'. इतका विचार त्या लोकांनी दुसऱ्या कशाचा केला असेल की नाही, देव जाणे!

तरी बरं, जुना कायदा सरळ होता. गावात वाचनालय आहे ना, मग ते चालवायला सरकार अनुदान देणार. वीज, पुस्तकं, पगार, सगळं त्यातूनच. मग नवं सरकार आलं आणि त्यांच्या डोक्यातून दुरुस्ती विधेयक निघालं. जी वाचनालयं स्वतःच्या पायावर उभी राहू शकतात, त्यांना अनुदान कशाला? आधी थोडी वाचनालयं निवडून हा प्रयोग करायचा, मग कायदाच बदलायचा. आणि कोणाला पाय आहेत नि कोणाला नाहीत, हे बघायला एक समिती गावोगाव फिरणार.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? समितीला धरून थेट गळतीखाली उभं केलं असतं. शूबाईने काय केलं? साफसफाई काढली!

"गलिच्छ दिसलं तर म्हणतील, या बाईला वाचनालय सांभाळता येत नाही, ठोका टाळं," ती नवऱ्याला म्हणाली. "नीटनेटकं दिसलं तर छताला पैसे देतील. तुम्ही ती ओलीची भिंत रंगवून द्या."

नवरा रंगारी. आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवलेला, स्वभावाने गरीब. "अगं, ओल बघायलाच येताहेत ना ते? मग राहू दे की ओल."

"अहो, तुम्हाला कळतंय काय त्यातलं? रंग काढा."

त्याने हात टेकले आणि ब्रश उचलला. भिंत फिकट पिवळी, लोण्यासारखी गुळगुळीत झाली. दुसरीकडे पेपरकाका कामाला लागले. हे निवृत्त गृहस्थ रोज सकाळी येऊन वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे. त्यांनी दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यातून मऊ खुर्च्या मागून आणल्या, बेकरीवाल्याकडून पंखे आणि सायकलवाल्याच्या नव्या घरातले दिवे. राहिली ती भिजून फुगलेली, बुरशी धरलेली पुस्तकं. ती शूबाईने स्वतःच्या हाताने पोत्यांत भरली, पोती संडासात कोंडली आणि दारावर 'नादुरुस्त' अशी पाटी लावली.

समिती आली. अध्यक्ष मऊ आवाजाचे, मऊ हातांचे. डॉक्टरच्या खुर्चीत टेकून त्यांनी पंख्याचा वारा घेतला आणि म्हणाले, "वा! हे सगळं सरकारने दिलं?"

झालं! बाईची मान ताठ झाली. "नाही हो साहेब. सगळं आमच्या लोकांनी केलं."

यात खोटं काहीच नव्हतं, आणि तिथेच तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. अध्यक्षांनी लगेच टिपून घेतलं. पिवळ्या भिंतीपुढे तिला उभं करून फोटो काढला. ती हसली, दात दिसतील इतकी हसली.

पुढच्याच आठवड्यात चकचकीत चौकटीतलं प्रमाणपत्र आलं. 'आदर्श स्वावलंबी वाचनालय'. सोबत कागद, की आपण स्वावलंबी असल्यामुळे आपलं अनुदान बंद करण्यात येत आहे, अभिनंदन. अभिनंदन! तोवर डॉक्टर आपल्या खुर्च्या घेऊन गेला होता, पंखे बेकरीत परत फिरत होते आणि पिवळ्या रंगाचे पोपडे सुटले होते. महिनाअखेरीला वाचनालयाला टाळं लागणार होतं. शूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ते प्रमाणपत्र असं भिरकावलं, की पेपरकाका वर्तमानपत्रासकट टेबलाखाली गेले.

विधेयकावर मतदान व्हायच्या आधी राजधानीत सुनावणी ठेवली होती. ज्याला म्हणणं मांडायचं त्याने यावं. शूबाई रात्रभर बसमध्ये अंग आंबवून तिथे पोचली. बाहेर बाकावर तिच्याच वयाची एक बाई बसली होती, डोंगरातल्या एका वाचनालयाची ग्रंथपाल. शूबाई शेजारी टेकली तशी ती निरखून बघायला लागली.

"तुम्ही त्या पिवळ्या भिंतीवाल्या ना?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"आमच्याकडे साहेब आले ते तुमचा फोटो नाचवतच. म्हणाले, या बाईंना जमतं तर तुम्हाला का जमू नये? यांच्या गावाने खुर्च्या दिल्या, तुमचं गाव देत नाही म्हणजे तुमच्या गावाला वाचनालय नकोच आहे." ती बोलतच राहिली. "आमच्या गावात दातांचा डॉक्टर सोडाच, धड दात असलेली माणसं कमी. कुठून आणू खुर्च्या? टाळं लावलं हो त्यांनी. पोरं पायरीवर बसून राहतात, दार उघडेल म्हणून." मग तिने पदर सावरला आणि शूबाईकडे पाठ करून बसली.

शूबाईला कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. इतका वेळ तिला वाटत होतं की आपलं वाटोळं झालं. आपल्या हसऱ्या फोटोने दुसऱ्यांची दारं बंद होताहेत, हे तिच्या गावीही नव्हतं. तिला सरकारचा राग आला, अध्यक्षांचा आला, आणि सगळ्यात जास्त राग स्वतःच्या त्या ताठ मानेचा आला. लाज वाटून तिचे कान तापले.

नाव पुकारल्यावर ती आत गेली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली. "साहेब, खुर्च्या उसन्या होत्या. पंखे उसने होते. भिंतीवर ओल होती, ती माझ्या नवऱ्याने रंगवली. पुस्तकं सडलीत, ती मी संडासात लपवली होती."

सभागृहात हशा पिकला. सुनावणीलाही अध्यक्ष तेच होते, ते मऊ हसले. "बाई, हा तुमचा विनय आहे. आम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलंय."

"डोळ्यांनी रंग पाहिलात तुम्ही!"

"म्हणजे तुम्ही शासनाच्या समितीला फसवलंत, असं म्हणायचंय का तुम्हाला?" हसू आता गेलं होतं.

"हो, फसवलं. माझी चूक आहे. लिहून घ्या."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढचं नाव पुकारलं. काय निर्लज्ज माणूस! तिचं कौतुक लिहायला तेच पेन कसं भराभरा चाललं होतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी विधानभवनासमोर एक टेम्पो थांबला. आधी पेपरकाका उतरले, मग रंगारी नवरा, मग शूबाई. पलीकडे रस्त्याच्या कडेला गावोगावचे ग्रंथपाल फलक धरून उभे होते, आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. शूबाईने पहिलं पोतं ओढत पायऱ्यांपर्यंत नेलं. तोंडाची दोरी सोडली. चारचौघांत अंगावरचं कापड फेडल्यासारखं झालं तिला. मग तिने दात आवळले आणि पोतं उपडं केलं. चिकटून गठ्ठा झालेल्या गोष्टी, काळी पडलेली चित्रं, वाळवीने कुरतडलेले नकाशे. तो कुबट वास पायऱ्यांवर पसरला.

"ओ बाई, उचला ते!" रखवालदार धावत आला.

"हात लावून तर बघा!" ती अशी कडाडली, की तो मागेच सरला.

पांढऱ्या शुभ्र बुटांचा एक सभासद गाडीतून उतरला आणि नाकाला रुमाल लावून थबकला. "कुणाचा हा उकिरडा?"

"तुमचाच." तिने एक फुगलेलं पुस्तक उघडून त्याच्या नाकासमोर धरलं. आत सरकारी शिक्का होता. "वाचा! मालक कोण लिहिलंय? सांभाळायला माझ्याकडे दिलं होतंत, आणि छताला कौलाचा तुकडासुद्धा दिला नाहीत. मी आजवर तुमची लाज झाकली. आता तुमची तुम्ही बघा. आत जायचं असेल तर यांच्यावर पाय देऊन जा."

फोटोवाले धावले. तो गृहस्थ दोन पावलं मागे गेला, बूट बघितले आणि गाडीत जाऊन बसला. मागून आलेल्या गाड्याही वळायला लागल्या. नवरा रिकामं पोतं हातात घेऊन म्हणाला, "अगं, गेले की ते. घाबरले बहुतेक."

"घाबरतात कसले! मागच्या दाराने आत घेताहेत त्यांना." हा आवाज डोंगरातल्या बाईचा होता. हातातला फलक टाकून ती रस्ता ओलांडून आली होती. शूबाईकडे तिने पाहिलंही नाही. टेम्पोतल्या भरल्या पोत्याचं एक टोक तिने धरलं.

"बघत काय बसलात?" ती म्हणाली. "दुसरं टोक उचला."

शूबाईने टोक उचललं, आणि दोघी मागच्या दाराकडे निघाल्या.