ओट्यावरचं राहिलेलं भांडण

हरेश्वरदादा गेल्याची बातमी मला त्यांच्याच ओट्यावर कळली. ‘ओटा’ म्हणजे उमेळे गावच्या या दादांनी मोबाइलसाठी बनवलेली बोलायची-लिहायची जागा. खोली भाड्यानं आहे, कामाला माणूस पाहिजे, आईला रक्त लागतंय, असं काहीबाही वसईतली माणसं तिथं टाकतात. त्यांच्या खात्यावरून वहिनींनी लिहिलं होतं, ‘हे सकाळी गेले.’ मी सातिवलीला कारखान्यात मशीनपुढे उभा होतो. आणि मनात पहिलं काय यावं... आता ओटा बंद पडणार का? माणूस गेला आणि मला त्याच्या जागेची काळजी. अजून ते आठवलं की मान खाली जाते.

मी हिंगोलीकडचा, आठवीत शाळा सुटलेला. इथं आलो तेव्हा खोली ओट्यामुळं मिळाली, कामही. पण माझ्या स्वस्तातल्या फोनवर त्यावरची जोडाक्षरं फुटून दिसायची. भीत भीत तसं लिहिलं, तर थेट दादांचाच फोन. ‘रविवारी घरी ये, फोन घेऊन.’ पडवीत, केळीच्या घडांशेजारी, माझा फोन हातात धरून त्यांनी दुपारभर खटपट केली आणि ते दुरुस्त केलं. वहिनींनी जेवू घातलं. ओट्याचा कोड, म्हणजे तो ज्याच्यावर चालतो ते कॉम्प्युटरचं लिखाण, त्यांनी सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता. कुणीही घ्यावा, बदलावा, फक्त करणाऱ्यांची नावं पुसू नयेत. त्या नावांत त्यांनी माझंही घातलं.

‘मी काय केलं, दादा?’

‘चूक दाखवलीस. बाकीचे गुपचूप सोडून जातात.’

पुढे प्रत्येक नवा बदल आधी माझ्या फोनवर. ‘या डबड्यावर चाललं तर कुठंही चालेल,’ म्हणायचे.

पण त्याच ओट्यावर दादा स्वतःच्या नावानं लिहायचे, की बाहेरून आलेल्यांनी आमच्या केळीच्या वाड्या बुडवल्या, त्यांना इथं मत देऊ देऊ नये. माझ्या खोलीतला दत्ता ते मोठ्यानं वाचायचा. ‘ऐक, तुझे सासरे काय म्हणतात. जा रविवारी जेवायला, जावईबापू.’ शेवटी दत्तानं आणि त्याच्या मित्रांनी तोच कोड घेऊन आपली वेगळी जागा काढली. मी घाबरतच दादांना सांगितलं. ते हसले. ‘घेऊ दे की. उघडं ठेवलंय ते काय फक्त माझ्या बाजूच्यांसाठी?’ त्यांच्याच बाजूचे काही जण या कामगारांना ओट्यावरून काढा म्हणत आले, तेव्हाही त्यांनी कुणाला काढलं नाही. ‘मत माझं आहे. ओटा माझ्या एकट्याचा नाही.’

दत्ताचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याला अपमान वाटला, तो उठला. मलाही वाटला, आणि मी जेवत राहिलो. एकदाच धीर केला होता. ‘दादा, ते मताचं...’

‘मग लिही की त्याच्याखाली. भांड माझ्याशी. इथं एकतर वाहवा करतात, नाहीतर उठून जातात.’

मी बरं म्हणालो आणि लिहिलं नाही. वाटलं, ज्याचं मीठ खाल्लं त्याला चारचौघांत चूक कसं म्हणावं, आणि त्यांनी दार लावलं तर... जो माणूस कुणालाच काढत नव्हता, तो मला काढील असं मी धरून चाललो. सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं. पडवीला लागूनच्या खोलीत दादांचा कॉम्प्युटर अजून चालू असतो, सगळा ओटा त्याच्यावरच आहे. लाइट जाऊन आली होती. ‘हे असते तर तुझ्या फोनवर बघितलं असतं,’ वहिनी म्हणाल्या. ‘काहीतरी लिहून बघ, चालतंय का.’ दादांची खुर्ची रिकामी होती. मी खाली, नेहमीच्या जागी बसलो आणि त्यांचं ते मताचं लिखाण उघडलं. त्याच्याखाली लिहिलं, ‘दादा, तुमच्या या म्हणण्याशी मी सहमत नाही. मी पण आता इथलाच आहे.’

‘गेलं का रे?’ वहिनींनी विचारलं.

‘गेलं,’ म्हणालो. एकही अक्षर फुटलं नव्हतं.