अंगणवाडीच्या दारातून परत

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळत आलो. घरात विषय निघाला की उठून अंगणात जायचो, नाहीतर वर्तमानपत्र उघडायचो. जे घडलं त्याचा दोष दुसऱ्या कुणाच्या तरी माथी बसला आणि मी तो बसू दिला. आता वय झालंय. माझ्यामागे ही गोष्ट चुकीचीच सांगितली जाऊ नये म्हणून लिहितो आहे.

माझी नात तेव्हा नऊ महिन्यांची झाली होती. सून शाहपूरच्या एका खासगी शाळेत शिकवायची, सकाळच्या बसने जायची. मुलगा लूमच्या कारखान्यात सुपरवायझर. मी तहसिलीतली बाबूगिरी संपवून घरी बसलेलो, त्यामुळे दिवसभर पोरगी माझ्या आणि हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, अंगावर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अंगणवाडी आहे. मंगळवारी तिथे टीका लावतात. बुऱ्हाणपुरात आम्ही लसीला टीकाच म्हणतो.

"बाबा, आज गोवराचा टीका आहे," सून डबा भरता भरता म्हणाली. "आईंचे गुडघे दुखतात, तुम्हीच न्या. रडली तर फिरवून आणा थोडी."

मी बरं म्हटलं. तिला नवा फ्रॉक घातला, टोपरं बांधलं आणि निघालो.

इथे मागचं थोडं सांगायला हवं. फार वर्षांपूर्वी माझी नोकरी धूलकोटला होती. तिथे आमची पहिली मुलगी झाली. तिलाही मीच सुई टोचायला घेऊन गेलो होतो. परत आल्यावर तिला ताप भरला आणि तो उतरलाच नाही. पुढे एका डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं की त्या पावसाळ्यात गावात तापाची साथच होती, इतरही मुलं गेली, सुईचा त्याच्याशी संबंध नाही. मला ते पटलं होतं. माझ्या मुलाला पुढे सगळे टीके लावले, पण त्याला दर वेळी हीच घेऊन गेली. मी काही ना काही काम काढायचो.

त्या मंगळवारी मी अंगणवाडीच्या दारात उभा राहिलो. आत एक बाळ जिवाच्या आकांताने रडत होतं. टीकेवाली दीदी उजेडाकडे धरून सुई भरत होती. माझ्या खांद्यावर नात बोट चोखत होती. दीदी म्हणाली, "आओ बाबूजी, बैठो." मी म्हटलं, "अभी आया." आणि मागे फिरलो तो थेट नदीवर, राजघाटावर जाऊन बसलो. पाणी बघून पोरगी हसत होती.

संध्याकाळी सुनेने चपला काढायच्या आधी विचारलं, "बाबा, टोचलं का? रडली का फार?"

मी म्हणालो, "नाही टोचलं. नाक वाहतंय ना तिचं. दीदी म्हणाली, सर्दीत नको, पुढच्या वेळी आणा."

नाक खरंच थोडं वाहत होतं. खोटं बोलायला तेवढं पुरलं. ती म्हणाली, "बरं झालं, तुम्ही होतात म्हणून कळलं." तिचा माझ्यावर विश्वास होता. मी सरकारी माणूस, चार बुकं वाचलेला, असं ती माहेरी कौतुकाने सांगायची. पुढच्या महिन्यात मी सांगितलं, लस संपली होती. त्यानंतर तिच्या शाळेत परीक्षा सुरू झाल्या आणि विचारायचं राहून गेलं.

होळीच्या सुमाराला पोरीला ताप आला. खोकला, लाल डोळे, मग कानामागून पुरळ सुरू झालं आणि सगळ्या अंगावर पसरलं. हिने बघताक्षणी हात जोडले. "माता आली." दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. फोडणी बंद झाली. घरात कुणी केस विंचरायचे नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही.

"आई, डॉक्टरांकडे नेऊ या," सून म्हणाली.

"मातेत दवाखाना करत नाहीत. सुई लागली की कोप होतो. माझ्या माहेरी बघितलंय मी."

"पण ताप केवढा आहे! बाबा, तुम्ही तरी सांगा ना आईंना."

या बाबतीत घरात मी एकटाच बोलणारा होतो. मातेबितेला मी हसायचो आणि ही चिडायची, "आले मोठे साहेब." सुनेची सगळी भिस्त माझ्यावर होती. पण दवाखान्यात गेलं की डॉक्टर पहिल्यांदा विचारणार, टीका लावला होता का? का नाही लावला? मग माझं खोटं तिथेच उघडं पडणार. त्या क्षणी माझ्या डोक्यात पोरीचा ताप नव्हता, तो प्रश्न होता.

मी म्हणालो, "राहू दे दोन-चार दिवस. गोवर आपोआप उतरतो."

ही माझ्याकडे बघतच राहिली. "आज सूर्य कुणीकडून उगवला म्हणायचा?" असं म्हणून तिने समाधानाने लिंबाचा पाला पोरीच्या अंगावरून फिरवला. सून उशाशी बसून ओल्या फडक्याने पोरीचं कपाळ पुसत राहिली. शाळेतही गेली नाही.

पुरळ मावळू लागलं, पण श्वास वाढला. बरगड्यांखाली पोट आत ओढलं जाऊ लागलं, दूध घेताना ती मध्येच सोडून धापा टाकायची. एका सकाळी उशीवर पिवळा डाग दिसला. कानातून पू आला होता. सुनेने तिला उचललं आणि हिच्या समोरून निघून रस्त्यावर रिक्षा थांबवली. मी मागोमाग धावलो. मुलाला फोन केला, तो कारखान्यातून थेट दवाखान्यात आला.

डॉक्टरांनी छाती ऐकली, नळी लावली, न्यूमोनिया म्हणाले. मग विचारलं, "टीका क्यों नहीं लगवाया?"

सून म्हणाली, "सर्दी थी. दीदी ने वापस भेज दिया."

"सर्दी में कौन वापस भेजता है? ऐसे कोई नहीं भेजता. नाम बताओ उस दीदी का, मैं बात करता हूँ."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत होतो. एकेक थेंब पडत होता आणि मला वाटत होतं, आता बोलायला हवं, आत्ताच. तिची नजर माझ्यावरून हटली नाही. मग हटली. तिला सगळं कळलं होतं. तिने डॉक्टरांना सांगितलं, "नहीं साहब, दीदी ने कुछ नहीं कहा. मुझसे ही रह गया."

मुलगा तिथल्या तिथे तिच्यावर ओरडला. "एक काम सांगितलं होतं तुला! शाळेतल्या पोरांचं सगळं लक्षात राहतं, घरच्या पोरीचं नाही?" ती खाली मान घालून उभी राहिली. मी त्याचा दंड धरला आणि म्हणालो, "जाऊ दे, होतं असं." समजूतदार सासरा झालो मी त्या वेळी.

पोरगी वाचली. पुढे कुकरची शिट्टी झाली तरी ती वळेना, तेव्हा दोन्ही कान तपासले. आता ती शाळेत पहिल्या बाकावर बसते, कानामागे यंत्र लावते आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलते. हुशार आहे.

आमच्याकडे लग्नाकार्यात अजून तो विषय निघतो. माझी बहीण तर पंगतीत म्हणाली होती, "आजकालच्या आयांना पगार हवा, पोर सासूने सांभाळावं. मग टीका कोण लावणार, माता स्वतः येऊन?" बायका हसल्या. सून वाढत होती. तिने बहिणीच्या पानात आणखी एक पुरी टाकली आणि पुढे गेली. मी माझ्या पानावर वाकून जेवत राहिलो. सुनेने ती नोकरी कधीच सोडली होती, पोरीला बोलायला शिकवण्यासाठी. ते कुणाला आठवलं नाही.

मी तिच्याशी बोलायला गेलो नाही असं नाही. एका दुपारी ती पोरीला आरशासमोर बसवून 'प' आणि 'ब' म्हणायला लावत होती. मी दारात उभा राहिलो. म्हणालो, "बेटा, तुझ्याशी जरा बोलायचं होतं." तिने मान वर केली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, आता नको. ही ओठ बघते, तिला सगळं कळतं." मी दारातून परत फिरलो. नंतर ते सगळे इंदूरला राहायला गेले. फोनवर ती माझ्या गोळ्यांची चौकशी करते, आणि मी हवापाण्याचं सांगतो.

त्या दुपारी मला एवढंच म्हणायचं होतं: पोरी, दीदीने आम्हाला परत पाठवलं नव्हतं. मी घाबरून दारातूनच मागे फिरलो, तुझ्याशी खोटं बोललो, आणि ते खोटं झाकायला तुझ्या लेकीला तापात घरी ठेवलं. तुझ्याकडून काहीही राहिलं नव्हतं. तू माझी लाज राखलीस आणि मी तुला सगळ्यांसमोर एकटं पाडलं. मला माफ कर.