गाडीअड्ड्यावरचे रविवार

४ मे २०२५, रविवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. शहराबाहेरच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या बंद फाटकासमोर मी माझी जुनी सेडान उभी केली होती. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असल्यामुळे मी ती हट्टाने घेतली होती. शेजारच्या आसनावर दोन हेल्मेट, अग्निशामक नळकांडे आणि प्लॅस्टिकचे शंकू होते. त्यामुळे आई मागे, तीन जास्तीच्या टायरांना खेटून बसली होती. तिच्या मांडीवर डबा होता आणि चेहऱ्यावर दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षण करताना असतो तो भाव.

मला ड्रिफ्टिंग शिकायचे होते. वळणावर मागची चाके जाणूनबुजून घसरू द्यायची आणि तरीही गाडी आपल्याला हव्या त्या रेषेवर धरून ठेवायची, अशी ही कला आहे. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केले आहे आणि एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत ओतीव लोखंड तपासते. घर्षण हा माझ्या रोजच्या विचारातला विषय. कोइंबतूरला दोन दिवसांचा वर्ग करून मी परतले ती स्पर्धेत उतरण्याचा निश्चय करूनच. आईने गाडीला विरोध केला नाही, फक्त अट घातली. "सार्वजनिक रस्त्यावर एकदा जरी गाडी आडवी केलीस, तर चावी माझ्याकडे. आणि दिवाळीपर्यंत रीतसर जागा मिळाली नाही, तर गाडी विकायची."

अट मला पूर्णपणे मान्य होती. बाह्यवळण रस्त्यावर पहाटे हे प्रकार करणारी मुले मला ठाऊक होती. तिथे समोरून दुधाची गाडी येणार नाही, असे कोणतेही समीकरण मला मांडता आले नसते.

जागेचा शोध मात्र लांबला. कार्टिंगच्या एका खासगी ट्रॅकच्या मालकांनी माझ्या गाडीकडे पाहूनच मान हलवली. एवढ्या वजनाने त्यांचा डांबरी थर उखडला असता. वाहनचाचणीच्या पटांगणावरचे कर्मचारी म्हणाले, "ताई, इथं लोकांना सरळ चालवता आली तरी आम्ही देवाला नारळ फोडतो." गारगोटीजवळचे एक मैदान मोकळे होते, पण तिथे सकाळ-संध्याकाळ क्रिकेट चाले. मलकापूरच्या पुढचा एक विस्तीर्ण कातळसडा मला फार आवडला. परंतु पावसाळ्यात त्या खडकाच्या खळग्यांमध्ये इवली फुले येतात. तिथे टायर फिरवण्याची कल्पना मी स्वतःच सोडून दिली.

उपाय आईने सुचवला, तोही भाकरी थापता थापता. "हंगाम संपला की गाडीअड्डा रिकामाच असतो की."

गाडीअड्डा म्हणजे उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जिथे आपल्या पाळीची वाट पाहत थांबतात ते कारखान्याचे प्रचंड आवार. आईचे बालपण कामगार वसाहतीत गेले. शेवटची मोळी गाळून झाली की वसाहतीतली प्रत्येक पिढी तिथेच सायकल शिके, पुढे लूना, मग स्कूटर. फाटक बंद, रहदारी नाही, आपटायला काही नाही. मी तीन महिने नकाशे धुंडाळत होते आणि उत्तर तिच्या गुडघ्यावरच्या जुन्या व्रणात होते.

अड्डाप्रमुखांनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"पावणं, गाडी आडवी चालवायची परवानगी मागताय व्हय? आमच्याकडं ट्रॅक्टर आडवा झाला की पंचनामा करावा लागतोय."

"सायकल शिकायला देता, मग हे का नको?" आई म्हणाली.

ते हसले. कार्यालयातून लेखी परवानगी त्यांनीच मिळवून दिली. पहिला रविवार चाचणीचा, तो नीट पार पडला तर मोळी पडेपर्यंत, म्हणजे नवा गळीत हंगाम सुरू होईपर्यंत, दर रविवारी. कारखान्याची रुग्णवाहिका फाटकाशी उभी राहणार होती. त्यांची एकच सक्ती होती. "आत येताना काटा, बाहेर जाताना काटा. काटा केल्याबिगर ह्या फाटकातनं काय बी जात न्हाय."

त्यामुळे त्या सकाळी उसाच्या गाड्यांसारखीच माझीही गाडी वजनकाट्यावर चढली. आई त्याआधीच उतरून बाजूने चालत गेली. आतले सामान आणि चालक धरून आकडा आला, १,४८० किलो.

मग मी चूक केली. ओल्या जमिनीवर घर्षण कमी होते, टायर कमी झिजतात आणि कमी वेगात सराव करता येतो, हे शास्त्र पक्के होते. म्हणून मी कारखान्याच्या टँकरने मधल्या भागावर पाणी मारून घेतले आणि ते एकसारखे मुरावे म्हणून तासभर थांबले. त्या जमिनीने आदल्या पाच महिन्यांत किती उसाचा रस प्यायला असेल, याचा हिशेब मी केला नव्हता. पाणी, वाळलेला रस, पाचटाचा चुरा आणि मे महिन्याचे ऊन यांचे मिश्रण काय होते, हे उभा जन्म गुळाच्या गावात काढलेल्या मुलीला सुचायला हवे होते.

मी शंकूला वळसा घातला आणि मागची चाके सोडली. ती क्षणभर कोरड्या भागावर घसरली, नंतर त्या चिकट पट्ट्यात शिरली आणि जमिनीने त्यांना धरले. गाडीला जबर हिसका बसला, ती उलट्या दिशेला फेकली गेली आणि चार शंकू आडवे करून थांबली. मला काही झाले नाही. हेल्मेट काढले तेव्हा आई समोर उभी होती, हात पुढे करून. मी निमूटपणे चावी तिच्या तळहातावर ठेवली.

तेवढ्यात मधमाश्या आल्या.

"बाई, तुमच्या पोरीनं गुऱ्हाळ काढलं की हो!" अड्डाप्रमुख लांबूनच ओरडले. मग गंभीर झाले. "उद्या उसाचा चोथा, बगॅस न्यायला ट्रक येणार हायत. हे असं ऱ्हायलं तर चाकं रुततील."

टँकर पुन्हा मागवला. मी खराटा घेतला. आईनेही चावी कमरेला खोचली, पदर खोचला आणि दुसरा खराटा उचलला. भरपूर पाणी ओतून आम्ही तो पाक पातळ केला आणि गटाराकडे लोटला. गाडी विकण्याची जाहिरात कशी लिहावी, याचा विचार माझ्या डोक्यात सुरू झाला होता.

निम्मे काम झाल्यावर आई थांबली.

"कोरड्यावर चाकं तुझं ऐकत होती?"

"हो."

"मग जागा चुकलेली नाही. पाणी चुकलंय." तिने चावी काढून माझ्या हातात दिली. "कोरड्यावर कर. पण हळू."

त्या वाक्याचे ऋण मी कसे मोजावे, हे मला अजून कळलेले नाही. घाबरलेल्या माणसाने इतके नेमके निदान केलेले मी प्रयोगशाळेतही क्वचितच पाहिले आहे.

बाहेर पडताना काट्यावर १,४९० आले. चाकांच्या कमानींत पाचटाचा चिखल गच्च बसला होता. "दहा किलो साखर चोरून चाललाय व्हय?" अड्डाप्रमुखांनी विचारले आणि पुढच्या रविवारची वेळही विचारली.

जूनच्या पावसाने जमीन स्वच्छ धुतली आणि मग पाणी माझ्या शास्त्राप्रमाणे वागू लागले. मी पडत-सावरत शिकले. प्रथम एक वर्तुळ, मग इंग्रजी आठ, मग दोन शंकूंमधून न तुटणारी एकच रेषा. वसाहतीतली कुटुंबे फाटकाबाहेर उभी राहून टोमणे मारत, "सरळ कधी जाणार हाय?" आई आवाराच्या कठड्याशी खुर्ची टाकून वह्या तपासत बसे. ती कधीही गाडी फिरत असताना आत बसली नाही, आणि काट्यावर तर नाहीच. तिच्या मते काटा उसासाठी असतो.

२६ ऑक्टोबरला शेवटचा रविवार होता. दिवाळी होऊन गेली होती, गाडी माझ्याकडेच होती आणि स्पर्धेसाठी नाव नोंदवले होते. बॉयलर पेटला होता. मोळी पडणार म्हणून कडेला बैलगाड्यांसाठी खुणा आखणे सुरू होते. मी अड्डाप्रमुखांना पेढे दिले. मग वाकून नमस्कार केला.

"आता आमच्या गाड्या येतील. मार्चात या परत," ते म्हणाले.

वळून पाहते तो आई दुसरे हेल्मेट हातात घेऊन शेजारच्या आसनावरचे शंकू उतरवत होती.

"एकदाच. आणि बोलू नकोस," ती म्हणाली.

मी तिचा पट्टा दोनदा तपासला. जिथे ती लहानपणी सायकलवरून पडली होती, त्या कोपऱ्याला वळसा घालून मी गाडी आडवी घातली. पूर्ण वर्तुळभर आईने दरवाजाची मूठ धरून ठेवली होती आणि डोळे उघडे ठेवले होते. गाडी थांबल्यावर तिने खिडकीबाहेर पाहिले. "इथेच पडले होते मी," ती म्हणाली. उतरवलेले शंकू या वेळी मागे रचले, आणि फाटकाजवळ मी सवयीने तिच्यासाठी थांबले, तर ती उतरलीच नाही.

"चल की. होऊ दे काटा."

अड्डाप्रमुखांनी आत डोकावून पाहिले, एकही टोमणा मारला नाही आणि आकडा मोठ्याने वाचला. १,५४०.