गाईचा निबंध

माझ्या बायकोचा मी आयुष्यात एकदाच मत्सर केला, पण जन्माला पुरेल इतका केला. कारण ऐकून लोक हसतात. दोन महिने घोकून मला पाठ न होणारा इंग्रजी निबंध तिला नुसता ऐकून पाठ झाला होता. आणि तिला इंग्रजीतला एक शब्द येत नव्हता.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. पारनेर तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. मराठी सातवीची फायनल पास झालेला. मॅट्रिकला बाहेरून दोनदा बसलो आणि दोन्हीदा इंग्रजीत आपटलो. शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांनी तिसऱ्या खेपेला रजेच्या अर्जावर सही केली, पण पेन खाली ठेवताना म्हणाले, "मास्तर, ही शेवटची. आता झालात तर झालात, नाहीतर पुन्हा अर्ज आणू नका." मॅट्रिक झालो तर तालुक्याच्या मोठ्या शाळेत जागा मिळणार होती. नाही झालो तर एका खोलीत चार इयत्ता बसवून पाढे म्हणून घेण्यातच केस पांढरे व्हायचे होते.

इंग्रजीच्या पेपरात माझे घोडे निबंधापाशी अडायचे. नगरच्या एका हायस्कुलातल्या इंग्रजीच्या सरांनी त्यावर तोड काढून दिली. त्यांनी स्वतःच्या अक्षरात चार परिच्छेदांचा एक निबंध लिहून दिला, खेड्यातल्या पहाटेवर. म्हणाले, "विषय काहीही येऊ द्या. जत्रा आली तर लिहायचं, जत्रेच्या दिवशी मी पहाटे उठलो. प्रवास आला तर, प्रवासाला निघालो त्या दिवशी मी पहाटे उठलो. पहाट कुठंही होतेच. पहिलं वाक्य तुमचं, पुढचं सगळं माझं. अक्षर इकडचं तिकडं करू नका."

मग सुरू झाले पाठांतर. दिवसा शाळा, आणि संध्याकाळी चिमणी लावावी तर लढाईपायी घासलेट मिळेना. म्हणून वहीतल्या चार ओळी दिवसा डोळ्याखालून घालायच्या आणि पहाटे अंथरुणात बसून अंधारातच मोठ्याने म्हणायच्या, असा क्रम ठेवला. त्याच वेळी बायको दळायला बसायची. घर एका खोलीचे. या कोपऱ्यात माझे इंग्रजी, त्या कोपऱ्यात तिचे जाते.

असे चार चार ओळींनी चारही परिच्छेद म्हणून झाले, पण सलग म्हणू लागलो की पहिला तेवढा मला बरा यायचा. दुसऱ्याच्या तोंडाशी आलो की डोके रिकामे. वही आठवायचो, पान आठवायचो, सरांनी पाडलेला शाईचा डागसुद्धा आठवायचा, पण वाक्य काही येत नसे. एका पहाटे असाच अडकून बसलो असताना जात्यावरून आवाज आला, "द बर्डस् आर स्टिल अस्लीप, बट द वुमन ऑफ द हाऊस इज ॲट हर ग्राइंडिंग स्टोन."

ओवीच्याच चालीवर म्हटले तिने ते. खुंट्याच्या फेऱ्याला धरून, घास टाकताना थांबून. आणि माझी वाट न बघता पुढचे वाक्य, त्याच्या पुढचे, असा चौथा परिच्छेद संपवूनच थांबली.

दुसरा कुणी नवरा असता तर त्याला कौतुक वाटले असते. मला कानाखाली बसल्यासारखे झाले. जी बाई दुसरीतून शाळा सोडून शेण गोळा करायला गेली, जिला पत्र वाचताना बोट ठेवावे लागते, तिने मला माझाच निबंध पुरवावा! मी म्हणालो, "मधे मधे बोलू नकोस. मला येत होतं." ती म्हणाली, "बरं," आणि पीठ सुपात भरू लागली.

गोष्ट माझ्यापाशी राहिली असती तर निभले असते. पण शेजारच्या बायकांनी भिंतीपलीकडून ते ऐकले होते. विहिरीवर त्यांनी तिला म्हणायला लावले, तिने म्हटले. पाटलांच्या घरी हळदीकुंकवाला म्हणायला लावले, तिथेही म्हटले. दोन दिवसांनी मी पारावरून चाललो होतो तर एक म्हातारा हाक मारून म्हणाला, "मास्तर, तुमच्यापरीस मास्तरीनच हुशार हाय म्हनं! तिलाच पाठवा की नगरला परीक्षेला." पार हसला. मीही हसलो. घरी येईपर्यंत अंगाचा तिळपापड झाला होता.

तिला मात्र यातले काही कळत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. तिने मिरवले असते तर मी तिला दोन शब्द सुनावले असते. पण ती आपली खुशीत असायची. भाकरी थापताना म्हणायची, गाईची धार काढताना म्हणायची. मी ओसरीत वही धरून बसलेला असायचो आणि गोठ्यातून दुधाच्या धारेबरोबर तिसरा परिच्छेद बिनचूक ऐकू यायचा. आमच्या गाईलासुद्धा तो माझ्याआधी पाठ झाला असेल असे मला वाटायचे.

एकदा दुपारी ती दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तिने विचारले, "अवो, ह्याचा अर्थ काय हाय? कशावर हाय ह्ये?"

आता अर्थ असा होता. पाखरे अजून झोपली आहेत, पण घरातली बाई जात्यावर बसली आहे. ती गाते, आणि तिच्या गाण्याने घराला हळूच जाग येते. सगळ्या निबंधात चांगला भाग कोणता म्हणाल तर तोच, आणि माझे घोडेही नेमके तिथेच अडत होते. मी तिच्याकडे बघितले. ती हातातले सूप थांबवून वाट बघत होती.

"गाईवर आहे," मी म्हणालो.

"गाईवर?"

"हो. गाईला चार पाय असतात, दोन शिंगं असतात, ती दूध देते. असं."

ती इतकी खुलली की तिला हसू आवरेना. "आन् मी गोठ्यात म्हनतीया! तरीच ती मान हलविती!"

मी का खोटे बोललो, हे मला तेव्हाही पक्के ठाऊक होते. निबंध माझा होता. तो पाठ तिला झाला होता, गावात नाव तिचे झाले होते. तो तिच्यावरच आहे हेही तिला कळले असते तर माझ्याकडे काय उरले असते? चार पाय आणि दोन शिंगे सांगून मी माझा वाटा राखला.

त्याच संध्याकाळी मी तिला बजावले, "उद्यापासून जात्यावर इंग्रजी नको. माझं लक्ष उडतं. कुठंच म्हणू नकोस, बायकांतसुद्धा नको."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने तोंड उघडले नाही. इंग्रजी तर नाहीच, ओवीही नाही. नुसती दगडाची घरघर. मी कोपऱ्यात बसून म्हणायचो, दुसऱ्या परिच्छेदाशी अडायचो, आणि तिच्याकडून हूं का चूं नाही. तिला पुढचे वाक्य ठाऊक आहे, ती ते ओठांत धरून बसली आहे, हे मला अंधारात कळायचे. मी विचारले असते तर तिने लगेच दिले असते. मी विचारले नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नगरच्या रस्त्यावरच्या सुपे गावापर्यंत पायी गेलो. तिथून कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार मिळाली. ती चढाला दोनदा बंद पडली आणि आम्ही उतारूंनी ढकलली. बरोबर तिने दशम्या बांधून दिल्या होत्या. निघताना तिने गाईच्या कपाळाला कुंकू लावले. मी बघितले नाही असे दाखवले.

इंग्रजीच्या पेपरात निबंध आला, बाजाराचा दिवस. मी मनात सरांना नमस्कार केला आणि लिहिले, बाजाराच्या दिवशी मी पहाटे उठलो. पहिला परिच्छेद झरझर उतरला. आणि पुढे काही नाही. टाक दौतीत बुडवला, निथळला, पुन्हा बुडवला. आजूबाजूची शहरी पोरे माना खाली घालून लिहीत होती. त्यांच्या निम्म्यांनाही मिसरूड फुटले नव्हते, आणि त्यांच्यात मी बायकोचा दादला, हातात कोरडा टाक धरून. दिपोटीसाहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पारावरचा म्हाताराही आला.

मी डोळे मिटले. वही दिसेना. शाईचा डागही दिसेना. माझा डावा हात मात्र बाकाखाली गुडघ्यावर गोल गोल फिरत होता. कधी फिरू लागला ते कळले नाही. दोन-चार फेरे झाले आणि मला तिचा आवाज आला. द बर्डस् आर स्टिल अस्लीप. मी लिहू लागलो. ती घास टाकायला थांबायची तिथे पूर्णविराम दिला. ती खुंटा या हातातून त्या हातात घ्यायची तिथे नवा परिच्छेद केला. चौथ्याच्या शेवटी सूप झाडल्याचा आवाज आला तेव्हाच टाक खाली ठेवला.

मी पास झालो. गावात पेढे वाटले. मारुतीला नारळ फोडला. रात्री वाढताना तिने विचारले, "आपली गाय आली हुती का पेपरात?"

"आली होती."

"कुटं अडला न्हाई न्हवं?"

"अजिबात नाही," मी म्हणालो, आणि आणखी भात मागितला.

तालुक्याच्या शाळेत जागा मिळाली, पुढे हेडमास्तर झालो, निवृत्त झालो. त्या निबंधाची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही. पिठाची गिरणी आली, जाते मागच्या दाराशी पडले. मग एका सुट्टीत आमची नात, इंग्रजी शाळेत शिकणारी, आजीपुढे काहीतरी घोकत बसली होती. आजी म्हणाली, "मला बी येतो एक. गाईचा हाय."

"म्हण की."

तिने एकदा माझ्याकडे बघितले. मी वर्तमानपत्र वाचत होतो. मग तिने म्हटले, सबंध, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जुन्या चालीवर, मांडीवर हात गोल फिरवत. नात आधी हसली, मग ऐकत राहिली. आणि मग म्हणाली, "आजी, पण यात गाय कुठं आहे? हे तर दळणाऱ्या बाईवर आहे. पाखरं झोपलेली असतात आणि ती जात्यावर बसून गाते. तिच्या गाण्यानं घर जागं होतं."

बायकोचा हात मांडीवर थांबला. मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

"तुमाला ठावं हुतं?" तिने विचारले.

"हो."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. म्हणाली, "तुमी म्हनू नको म्हनला, मी गप बसले. मला वाटलं, गाईचंच तर हाय."

परीक्षेच्या हॉलमध्ये मला कोणाचा आवाज ऐकू आला ते सांगायला मी तोंड उघडले. पण ती नातीकडे वळली होती. "पुन्यांदा सांग गं," ती तिला म्हणत होती, "पहिल्यापास्नं सांग. सावकाश."