देवीच्या वारी सड्यावर

आमच्या शिरोळच्या घराच्या भिंतीवर पुराची रेघ आहे. आई ती रंगवू देत नाही. "दिसूं दे की सगळ्यास्नी," म्हणते. त्या रेघेकडे पाठ करून मी निघाले, जयसिंगपुरात एसटी धरली, कोल्हापुरात गाडी बदलली आणि गगनबावड्याच्या रस्त्याला लागले. पिशवीत आमच्या पूरग्रस्तांच्या गटाची पत्रकं होती. त्यांवर दोन ओळी, दोन्ही मीच लिहिलेल्या: 'वरचं पाणी वरच अडवा!' आणि 'गावाला विचारल्याशिवाय आराखडा नको!'

कळे गाव मागे पडलं, तसा ऊस विरळ झाला. दोन्ही बाजूंना उन्हानं भेगाळलेली भातखाचरं. गाडी थांब्याथांब्याला उभी राहत होती आणि मी घड्याळ बघत होते. शिवारफेरी म्हणजे गावानं स्वतः चालून कुठं पाणी मुरवायचं, कुठं चारायचं, कुठं पेरायचं ते ठरवणं. पाणलोट योजनेचे साहेब लोक ती कागदावरच उरकतात. म्हणून मी साहेबांशी भांडून मंगळवार मिळवला होता. मंगळवारी अख्खं गाव घरात असतं, असं सरपंचबाईंनी फोनवर सांगितलं होतं.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना अजून योजनेच्या कचेरीत खेटे घालायचे आहेत.

देवळासमोर खरंच अख्खं गाव बसलं होतं. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं हाळी दिली, "काय पावणं, कुणीकडं?"

"शिवारफेरीला. उठा की, चला!"

सगळे हसले. म्हातारा म्हणाला, "आज वार हाय. जत्रंच्या आधीचं मंगळवार पाळतोय आमी. आज शिवारात पाय टाकायचा न्हाय."

मी सरपंचबाईंकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणालात ना, सगळे घरात असतात?"

"मग? वार हाय म्हनूनच असत्यात की घरात! तुमी दिवस मागितलासा, आमी दिला. चालायचं हाय म्हनून कुठं बोललासा?"

मी शिवारफेरी म्हटलं होतं. त्यांना ती साहेबांची नेहमीची सतरंजीवरची फेरी वाटली होती.

आधीच येऊन बसलेले साहेब मात्र खुशीत होते. नाचणीची भाकरी आणि फणसाची भाजी जेवून त्यांनी देवळाच्या भिंतीला नकाशा लावला. सड्याखालचा (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळी पठार) सगळा गवताळ उतार हिरवा रंगवलेला. तिथं पाणी मुरवायला उताराला आडवे समतल चर, झाडं आणि चराईबंदी. गावाचा झरा होळीनंतर आटतो, तो मे महिन्यातही वाहील. "मंजूर असेल तर हात वर करा," साहेब म्हणाले. हात वर जाऊ लागले.

"त्या उतारावर चारतं कोण?" मी ओरडून विचारलं.

"वरल्या धनगरवाड्यातली," म्हातारा म्हणाला.

"ती कुठायत?"

"वर. म्हशी वार पाळत न्हाईत, बाई."

"निरोप द्या त्यांना!"

"शिवारातनं जायला लागतंय. कोन जानार आज?"

"पाहुण्याला वार असतो?"

म्हाताऱ्यानं क्षणभर विचार केला. "पावण्याला कसला वार? जा की."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, "तासभर थांबतो," म्हणाले. मी निघाले.

उतार अंगावर येणारा. करवंदीच्या जाळीत ओढणी फाटली, चपलेचा अंगठा तुटला, उरलेली वाट चप्पल हातात घेऊन चढले. वर वारा असा, की पत्रकं पिशवीतून उडायला बघत होती. जांभळीखाली एक बाई बसल्या होत्या, पुढ्यात म्हशी. सगूबाई. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी मला आधी ताक दिलं आणि मग विचारलं, "पानी आडवून तुजा काय फायदा?"

"खाली आमच्या घरात पूर येतो."

"म्हंजे तुज्या घरात पानी शिरू न्हाय, म्हनून माज्या म्हशींनी उपाशी ऱ्हायाचं?"

माझी पहिली ओळ सांगत होती, हो. दुसरी सांगत होती, मुळीच नाही. मी पिशवीतली पत्रकं आणखी आत ढकलली.

"बोल की! खाली लई वरडत असशील."

मग त्या उठल्या आणि म्हशी वळवल्या. "ह्यांना एकट्या सोडून कशी येऊ? चल."

अशा तऱ्हेनं सभेत म्हशी आल्या. एकीनं साहेबांच्या खुर्चीशी शेण टाकलं. पुन्हा वर जाऊ लागलेले हात खाली आले.

"माजं गवात, आन् हात तुमचं?" सगूबाईंनी सरपंचबाईंना विचारलं.

"तुज्या म्हशी जगाव्या, आन् आमी घागरी घेऊन हिंडावं व्हय गं?" सरपंचबाई तेवढ्याच जोरात. दोघी खऱ्या होत्या. नकाशावर तो उतार कुणाचाच नव्हता, एवढंच खोटं होतं.

शेवटी ठरलं: उद्या बुधवार, वार संपलेला, सगळ्यांनी चालायचं. साहेबांनी बरीच कुरकुर केली.

बुधवारी सगूबाई पुढं, गाव मागं. म्हशींची पायवाट सोडून चर कुठं खोदायचे, ते भांडत भांडत ठरलं. झऱ्याच्या डोक्यावरची बाजू वर्षभर चराईला बंद, दुसरी खुली, पुढच्या वर्षी उलट. "आन् त्या वर्षात माज्या म्हशी काय खानार?" सगूबाई थांबल्या. मग कालचा म्हातारा पुटपुटला, "माजा पिंजराचा (भाताच्या काडाचा) एक भारा." सरपंचबाईंनी मान वळवून मागं बघितलं, तशी आणखी दोघंतिघं बोलली.

"पिंजराला आराखड्यात रकाना नाही," साहेब म्हणाले.

"मग पाडा," मी म्हणाले.

त्यांनी समासात लिहिलं. सगूबाईंनी अंगठ्याला शाई लावली आणि माझ्याकडे पाहिलं. "पिंजार दिवाळीपतूर पुरंल. म्होरं? तुमा खालच्यांचा भारा कुठाय?"

"आणते," मी म्हणाले. त्यांनी अंगठा उठवला नाही. "आन, मग बगू."

परतीच्या गाडीत कळ्यानंतर पुन्हा ऊस सुरू झाला, तो घरापर्यंत संपलाच नाही. रेघेखाली बसून आईनं विचारलं, "आडवलंस का पानी?"

"अजून नाही."

म्हणून हे तुमच्यासाठी लिहितेय, शिरोळकरांनो. दिवाळीनंतर आपल्याकडे ऊसतोड सुरू होते, उसाचं वाडं, म्हणजे म्हशी खातात तो शेंड्याचा पाला, बांधाबांधाला पडतं. पूर आला की आपण वरच्यांना शिव्या घालतो. वर एक बाई शाई सुकू देत बसली आहे. तुमचा भारा किती, ते सांगा. पहिली गाडी मामाच्या शेतातून भरणार आहे. त्याला अजून विचारलेलं नाही. आज विचारते.